कोकण किनाऱ्यावरचा सूर्यास्त आणि आपला कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "गणपतीपुळ्याला चाललोय, सूर्यास्ताचे फोटो नीट येत नाहीत, काय करू?" तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली. मी हौशी माणूस आहे, पोटापाण्याचा धंदा वेगळा. पण गेली बरीच वर्षं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाळूत संध्याकाळी ट्रायपॉड रोवून उभा राहिलो आहे. यातली बरीच उत्तरं कॅमेऱ्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवतात. त्याला माझा इलाज नाही.

सूर्यास्तासाठी कोणता महिना चांगला?

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि आकाशात अजून थोडे ढग शिल्लक असतात. दोन्ही गोष्टी लागतात. निरभ्र आकाशात सूर्य एखाद्या नाण्यासारखा खाली पडतो आणि खेळ संपतो. उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग असले तर मावळलेल्या सूर्याचा उजेड खालून त्यांना लागतो आणि अख्खं आकाश पेटतं.

लोक मात्र जातात डिसेंबर-जानेवारीत, नाताळच्या सुट्टीत. तेव्हा वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, धूळ-धूर सोबत नेतात आणि क्षितिजावर राखाडी पट्टा बसतो. सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्या पट्ट्यात विरघळून जातो. त्या दिवसांत पाण्यात बुडणाऱ्या सूर्याचा हट्ट सोडा. धुरकट हवेत तो मंद, केशरी गोळा होतो, तसाच वर असताना घ्या. जून-जुलैत सूर्य दिसलाच तर नशीब. पण पावसाने उघडीप दिलेल्या ऑगस्टच्या एखाद्या संध्याकाळी जे दिसतं ते ऑक्टोबरलाही जमत नाही.

सूर्यास्ताची वेळ कशी कळेल? किती आधी पोचायचं?

फोनमधलं हवामानाचं अ‍ॅप वेळ बरोबर दाखवतं. मुंबईत सर्वांत लवकरचा सूर्यास्त सहाच्या सुमारास असतो, तोही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपास, म्हणून सूर्यही त्याच दिवशी सर्वांत लवकर मावळत असेल, असं वाटतं खरं, पण तसं नसतं. सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या सुरुवातीला, ७ वाजून २० मिनिटांच्या आगेमागे.

वाळूत उभं राहून अंदाज घ्यायचा असेल तर हात ताठ समोर धरून मूठ वळा. मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. आपल्याकडे सूर्याला तेवढं उतरायला ४० ते ४५ मिनिटं लागतात. क्षितिज आणि सूर्य यांच्यात एक मूठ मावली की चहाच्या टपरीवरून उठायचं.

सूर्याची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटं मिळतात, बस. त्या वेळी पिशवीत लेन्स शोधत बसलात तर संपलंच.

भरती-ओहोटीचा फोटोशी काय संबंध?

सगळ्यात मोठा. आणि हाच प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच घुसडला आहे.

ओहोटी लागलेली असली की पाणी मागे सरकतं आणि मागे ओल्या वाळूचा आरसा उरतो. आकाशात जेवढा रंग, जवळजवळ तेवढाच पायाखाली. भरती पूर्ण चढलेली असली तर तुमच्या वाट्याला कोरड्या वाळूची चिंचोळी पट्टी, चिप्सची पाकिटं आणि पाठीमागे सुरूची झाडं.

आता हिशेब. आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण ती चंद्राच्या मागे चालते. म्हणूनच कोकणातली जुनी रीत अशी: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. मुंबईकडून मालवणकडे जाल तशी वेळ थोडी अलीकडे येते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरूनच चाला, आणि पाण्यात उतरायचं असेल तर छापील कोष्टक पाहा.

याचा अर्थ काय झाला? चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंत संध्याकाळी नेमकी ओहोटी असते. शिवाय हे दिवस उधाणाचे. भरती जितकी वर चढते, ओहोटी तितकीच लांब जाते. दिवेआगर, कर्दे, गुहागर असल्या सपाट किनाऱ्यांवर अशा संध्याकाळी केवढा तरी लांब-रुंद आरसा पसरतो. अष्टमी-नवमीला उलट. सूर्यास्ताला भरती, आणि तीही भांगाची, म्हणजे पाणी ना धड वर येणार ना लांब जाणार. त्या दिवशी मी सपाट वाळू सोडून खडकाळ टोकाकडे जातो. पाणी खडकांवर फुटतं, ते टिपायला बरं.

अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेचा आणखी एक फायदा: सूर्य गेल्यावर पश्चिमेलाच चंद्रकोर लटकत असते आणि तिचा अंधारा भागही पुसटसा दिसतो. पौर्णिमेला मागे वळा. इकडे सूर्य बुडतोय तोवर तिकडे माडांच्या मागून चंद्र वर येत असतो. हॉटेलचं बुकिंग करण्याआधी तिथी बघा, एवढंच माझं म्हणणं. नवीन लेन्सपेक्षा ते स्वस्त पडतं.

सूर्य नेमका कुठे मावळेल हे आधी कसं कळेल?

"पश्चिमेला" हे उत्तर वर्षातून दोनच दिवस तंतोतंत खरं असतं, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५० अंशांचा फरक, म्हणजे ताठ हाताच्या पाच मुठी.

मुंबईकरांना हे मरीन ड्राइव्हवर बघता येईल. चर्चगेटजवळच्या कठड्यावर बसलात तर हिवाळ्यात सूर्य उघड्या समुद्रात जातो, आणि मे-जूनमध्ये मलबार हिलच्या मागे. गिरगाव चौपाटीवरून तर जवळपास वर्षभर टेकडीच आडवी येते. "चौपाटीवर सूर्य पाण्यात बुडताना दिसला नाही" अशी तक्रार करणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, फक्त अर्धा तास आधी निघून नरिमन पॉइंटकडे चालायला हवं होतं.

किल्ल्यामागे सूर्य हवा असेल, अलिबागचा कुलाबा किंवा हर्णैचा सुवर्णदुर्ग, तर फोनमधल्या नकाशावर तुम्ही उभे राहणार ती जागा आणि किल्ला जोडणारी रेघ काढा. ती कोणत्या अंशाकडे जाते आणि त्या तारखेला सूर्य कुठे मावळतो, हे जुळेपर्यंत जागा बदला. सूर्याची दिशा दाखवणारी फुकट अ‍ॅप्स आहेत. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण सूर्यास्त बघायला आत थांबून राहू नका. पाणी फिरलं की वाट बंद. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाटही तशीच. भरतीच्या वेळी तिकडे पाऊल टाकू नका, तिथल्या लाटांनी माणसं नेली आहेत.

फोनने चांगले फोटो येतात का?

येतात. पण आधी फोनच्या कॅमेऱ्याची काच पुसा. किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे बारीक तुषार असतात. अर्ध्या तासात काचेवर थर बसतो आणि सूर्याभोवती पांढरट वलय दिसायला लागतं. माणसं याला फोनचा दोष समजतात.

दुसरं, स्क्रीनवर सूर्याच्या शेजारच्या उजळ आकाशावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. मग बोट खाली ओढून चित्र थोडं गडद करा. फोनला वाटतं आपण अंधारात आहोत, म्हणून तो सगळं उजळवतो आणि केशरी आकाश पांढरं पडतं.

तिसरं, दोन बोटांनी ताणून मोठं करू नका. फोनला दुसरी, लांबची लेन्स असेल तर तीच वापरा.

डोळ्यांना एवढा मोठा दिसणारा सूर्य फोटोत टिकलीएवढा का येतो?

कारण तो खरंच तेवढाच आहे. हात लांब करून करंगळी समोर धरा. तिच्या अर्ध्या रुंदीत सूर्य झाकला जातो. क्षितिजाजवळ तो मोठा वाटतो, तो आपल्या मेंदूचा खेळ. फोनच्या नेहमीच्या लेन्समध्ये तो चित्राच्या रुंदीचा सुमारे दीडशेवा भाग असतो.

मोठा सूर्य हवा असेल तर लांबची लेन्स, निदान ३०० मिलिमीटर. नाहीतर सूर्याला छोटाच राहू द्या आणि चित्र दुसऱ्या कशावर तरी उभं करा: ओढून ठेवलेली होडी, वाळूतले पाण्याचे ओघळ, बैलगाडीच्या चाकांच्या खुणा. मला हे दुसरंच जास्त आवडतं.

तळहातावर सूर्य धरलेला फोटो कसा काढतात?

हसू नका, या प्रश्नाला सर्वांत जास्त मागणी आहे. हिशेब सोपा आहे. कोणतीही वस्तू तिच्या आकाराच्या साधारण १०७ पट लांब नेली की ती सूर्याएवढी दिसते. तळहात १० सेंटिमीटर रुंद धरला तर फोटो काढणाऱ्याने ११ मीटर मागे जायला हवं. लोक दोन मीटरवर उभे राहतात आणि मग हातात वाटाणा धरल्यासारखं दिसतं. मागे जा आणि लांबची लेन्स लावा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पकडायचा असेल तर पाच-साडेपाच मीटर पुरेत.

याच हिशेबाने माणूस डोक्यापासून पायापर्यंत सूर्याच्या गोळ्यात बसवायचा तर १८० मीटर मागे जावं लागतं. तिथे मात्र मोठी लेन्सच हवी, आणि समोरच्याला हाका मारून सूचना देता येत नाहीत. मोबाईलवर बोलत राहायचं: "वहिनी, अजून दोन पावलं डावीकडे!"

फोटोत आमची माणसं काळी का येतात?

उजेड त्यांच्या मागे आहे म्हणून. दोनच रस्ते. चेहरे हवे असतील तर फ्लॅश लावा, किंवा त्यांना सूर्याकडे तोंड करून उभं करा आणि तुम्ही समुद्राकडे पाठ करून फोटो काढा. सूर्य एक मूठभर वर असताना चेहऱ्यावर जो सोनेरी उजेड पडतो, तो लग्नाच्या फोटोग्राफरलाही विकत मिळत नाही.

नाहीतर काळ्या आकृत्याच घ्या, पण मुद्दाम. मग माणसं एकमेकांना चिकटलेली नकोत, नाहीतर एकच मोठा काळा गठ्ठा दिसतो. दोघांच्या मध्ये आकाश दिसू द्या. बाजूने उभं केलंत तर नाक-हनुवटी ओळखू येते. आजीच्या नऊवारीचा काष्टा, खांद्यावरचं जाळं, डोक्यावरची पाटी यांना स्वतःचा आकार असतो, म्हणून त्या आकृत्या छान येतात.

सूर्य बुडाला. आता निघायचं का?

नाही! गाड्या काढायची घाई सगळ्यांनाच असते, आणि तेवढ्यात किनारा रिकामा होतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश झटपट संपतो. सूर्य बुडाल्यापासून कामापुरता उजेड जेमतेम २२ ते २५ मिनिटं टिकतो. त्यातली दहाव्या ते विसाव्या मिनिटांमधली वेळ ढगांच्या रंगाची. आधी पिवळा, मग केशरी, मग जांभळट लाल.

त्याच वेळी पूर्वेकडे बघा. डोंगरांवर निळसर-करडा पट्टा चढत असतो आणि त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. किनाऱ्यावरच्या दोनशे माणसांत तिच्याकडे पाहणारे दोन असतील.

फोटोत मध्येच हिरवा ठिपका कुठून आला?

लेन्सच्या आतल्या काचांवर सूर्याचा उजेड उलटसुलट आपटून तो तयार होतो. तो बरोबर चित्राच्या मध्यबिंदूच्या पलीकडे, सूर्याच्या समोरासमोर पडतो. सूर्य डावीकडे वर असेल तर ठिपका उजवीकडे खाली. सूर्य माडाच्या खोडाआड अर्धा लपवा, म्हणजे ठिपका जातो.

यापेक्षा वेगळी एक खरी हिरवी ठिणगी असते. क्षितिज अगदी स्वच्छ असेल तर बुडत्या सूर्याची शेवटची कड एक-दोन सेकंद हिरवी दिसते. हवेतून वाकताना निरनिराळे रंग किंचित निरनिराळे वाकतात, म्हणून. मला आजवर एकदाच दिसली, आणि तेव्हा कॅमेरा पिशवीत होता.

माझ्याकडे मोठा कॅमेरा आहे. सेटिंग काय ठेवू?

आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११, फाइल रॉ. उजेड आकाशावर मोजा आणि एक पायरी कमी ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा केशरी रंगाला दोष समजून तो पुसायला बघतो. 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी' लावा.

मागे जाणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद शटर. लाट येताना नव्हे, परतताना दाबा. ट्रायपॉडचे पाय आधी वाळूत दाबून बसवा. नाहीतर प्रत्येक लाटेगणिक खालची वाळू निसटते, ट्रायपॉड खचतो आणि अख्खा समुद्र कलंडतो. फिल्टरचं म्हणाल तर वरून काळा, खाली पारदर्शक असा एकच पुरे. पोलरायझरचा सूर्यासमोर आकाशाला फारसा उपयोग नाही.

सूर्याकडे कॅमेरा रोखल्याने डोळ्यांना धोका आहे का?

आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआर) डोळा लावायच्या खिडकीतून, लांब लेन्स लावून, वर असलेल्या सूर्याकडे बघणं धोक्याचं आहे. लेन्स उजेड एकवटून थेट डोळ्यात सोडते. डोळ्याचा पडदाच कायमचा भाजू शकतो, आणि तेव्हा दुखतही नाही. मागच्या स्क्रीनवर बघूनच फोटो काढा. मुलांच्या हातात दुर्बीण देऊन "सूर्य बघ" असं तर कधीच म्हणू नका.

कोळी बांधवांचे, मासळीबाजाराचे फोटो काढले तर चालतात का?

विचारून. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, होड्या आणि बैलगाड्यांच्या मागे सूर्य उतरत असतो. दृश्य भन्नाट आहे, पण ती त्यांची कामाची वेळ आहे. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं विचारलं की बहुतेकदा हो म्हणतात, कधी "आधी मासे घे" म्हणतात. मी घेतो. मालवणकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर दोराच्या मध्ये उभं राहू नका. मदत करायची तर कॅमेरा गळ्यात टाकून दोराला हात लावा.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. या दिवसांत क्षितिजावर होड्या शोधू नका, त्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात.

वेळासला कासवांची पिल्लं सोडतात, तेव्हा फोटो काढता येतो ना?

येतो, फ्लॅश न वापरता. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. मागून टॉर्च किंवा फ्लॅश मारला की ती उलटी फिरतात. दोरीच्या बाहेर राहा, आडवं होऊन खालच्या पातळीवरून घ्या.

ड्रोन उडवू का?

'ड्रोन नियम २०२१' प्रमाणे आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग पाडले आहेत. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर जागा पाहिल्याशिवाय उडवू नका. मुंबईच्या आसपास तर विचारही नको. आणि शांत किनाऱ्यावर संध्याकाळी डोक्यावर भुणभुणणारं यंत्र कुणालाच आवडत नाही, हे माझं वैयक्तिक मत.

नंतर रंग किती वाढवायचे?

पाणी जांभळं दिसायला लागलं की थांबा. आधी क्षितिज सरळ करा, रंगांचं नंतर.

घरी आल्यावर कॅमेऱ्याचं काय करायचं?

वाळू कधीही कोरड्या फडक्याने पुसू नका, काचेवर ओरखडे येतात. आधी रबरी फुग्याने हवा मारून कण उडवा. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्याच्या बाहेरचं मीठ टिपा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून नळाखाली धरा आणि उपडे वाळवा. माझ्या पहिल्या ट्रायपॉडचा एक पाय मिठाने असा जाम झाला की तो आता एका वेलाला आधार देतो. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या मधूनमधून बदलत चला, नाहीतर गणपतीपर्यंत काचेवर बुरशी धरते.